अर्धीच चावी

"आधी भुईला हात लाव."

शेजारच्या मामांच्या घरी खेळातल्या आगगाडीला शिवायचं, तर हे आधी करावं लागे. तळहात जमिनीला सपाट टेकवायचा, मगच इंजिन उचलायचं. नवखा पाहुणा समजे, माणूस भलताच भाविक दिसतो. तुम्हीही तसंच समजला असता.

मामा आमच्या तेरखेड्यात फटाक्यांच्या कारखान्यात दारू भरायचे. शेडमध्ये अनवाणी जायचं, अंगावर सुतीच कपडे ठेवायचे आणि दारूला शिवण्याआधी जमिनीला हात लावायचा, असा तिथला नियम. "माणसाच्या अंगात ठिणगी असती. ती भुईत उतरू द्यायची," असं ते सांगत. हे सगळे नियम त्यांनी घरातही लागू केले होते. मामींना माहेरहून आलेली नायलॉनची साडी त्यापायी ट्रंकेतच पडून होती.

"मग नेसू तरी कधी?" मामी विचारत.

"म्या गेल्यावर," मामा म्हणत. मग मामी दिवसभर त्यांच्याशी बोलत नसत.

गाडी मामांच्या वडिलांनी सोलापुरातून आणलेली. पत्र्याचं काळं इंजिन, चावीवर पळणारं. मूळचे डबे केव्हाच मोडले होते. नवे मामांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बनवले, त्यामुळे एका डब्यावर अर्धं सूर्यफूल होतं. पालथं कौल म्हणजे बोगदा आणि वीट म्हणजे येडशी स्टेशन. कामावरून आले की मामा कपडे बाहेर बाभळीवर टाकत, अंघोळ करत, आणि मग त्यांची मुलगी सुली आणि मी रूळ मांडायला बसायचो. दिवसभर दबकत वावरणारा हा माणूस तेव्हा घसा ताणून ओरडे, "येडशी आली. रामलिंगाला जायचं त्यांनी उतरा."

चावी मात्र अर्धीच.

"पुरी द्या की, मामा."

"नगं. ताणलेल्या वस्तूचा भरवसा न्हाय. घाई कुणाला हाय?"

उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की आमच्या आळीत भीती वस्तीला येई. कुठं भांडं पडलं तरी बायका दाराशी येऊन कारखान्यांच्या दिशेला बघत. मला आवाजापेक्षा त्यांच्या चेहऱ्यांचीच जास्त भीती वाटायची.

एका दुपारी मी सुलीकडंच होते, तेव्हा खरोखरच आवाज झाला. आढ्यावरची माती आमच्या डोक्यावर पडली. दारातून मामांच्या शेडच्या बाजूला धूर दिसत होता. अशा वेळी घरच्यांनी धावत जायचं नाही, अशी गावाची रीत, कारण मागून दुसरा स्फोट होऊ शकतो. दारात उभं राहायचं आणि कुणाचा माणूस येतो ते बघायचं. मामी उभ्या राहिल्या नाहीत. त्यांनी दार लोटलं, फळीवरची गाडी काढली, भुईला हात लावला आणि चावी दिली. अर्धीच.

"इकडं बघ, सुले. गाडी येडशीला पोचली की येत्यात तुझे दादा."

गाडी पोचायची, थांबायची. मामी पुन्हा चावी द्यायच्या. चावी भोकात बसत नव्हती, दोन-तीनदा लावून बघावी लागे. बाहेर कुठल्यातरी घरातून रडणं ऐकू आलं. ते आमच्या घरचं नाही म्हणून मला बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचीच पुढं कितीतरी दिवस भीती वाटत राहिली.

मग दार ढकललं गेलं. मामा उभे होते. भुवया जळलेल्या, अंगभर दारूची काळी पूड. सुली "दादा" म्हणत बापाकडं धावली.

"थांब," ते ओरडले. एवढा कडक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. ते गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही तळहात भुईला टेकवून तसेच राहिले, बराच वेळ. मग अंगातला सदरा काढून त्यांनी बाहेर फेकला आणि लेकीला जवळ घेतलं.

भुवया उगवल्यावर ते परत कामावर गेले. मामींनी हातापाया पडून बघितलं. "दुसरं काय येतंय मला?" एवढंच ते म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात परत आवाज झाला. परत दार लोटलं, गाडी निघाली. येडशी आली, गेली, आली, गेली. बाहेर माणसं जमली, कुणीतरी मामींना हाक मारली, तरी त्या चावी देतच होत्या. शेवटी सुलीनं आईच्या मुठीतून चावी सोडवून घेतली.

ती साडी अजून ट्रंकेत आहे.

परवा धाराशिवला सुलीकडं गेले होते. तिच्या मुलीनं शोकेसमधून गाडी काढली, कुणी न सांगता फरशीला हात लावला आणि चावी पिळायला लागली.

"अर्धीच," आम्ही दोघी एकदमच म्हणालो, आणि दोघींचीही नजर दाराकडं गेली.