स्पीकर बंद पडले तेव्हा

माझी मुलगी सई डबस्टेप बनवते, म्हणजे कॉम्प्युटरवर रचलेलं, छातीत घुमणारं संगीत. सुरुवातीला ती कॅफेत वाजवायची, तेव्हा लोक वैतागून टेबल बदलायचे. पुढे तिचं संगीत मोबाइलवरून पसरत गेलं आणि परवा संध्याकाळी मी तिला पुण्यात, माणसांनी भरलेल्या मैदानासमोर उभी पाहिली.

ऐन रंगात स्पीकर बंद पडले. लहानपणी पेटीचा एक सूर चुकला तरी सई रडून उशी भिजवायची. इथे मात्र ती शांतपणे पाणी प्यायली आणि गर्दीकडे बघून तिने खांदे उडवले. तेवढ्यात कुणीतरी तोंडानेच तो घुमणारा ठेका धरला. बघता बघता सगळं मैदान "व्हूम, व्हूम" करू लागलं आणि सई हसत हसत हातांनी त्यांना लय देऊ लागली.

माझ्या शेजारी उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही पण म्हणा ना!"

लेकरू पडलं तर कोण उचलेल, या काळजीत आपण असतो. उचलणारी माणसं लेकरांनी कधीच जोडलेली असतात, आपल्याला पत्ताही नसतो. इतकी वर्षं कोंडून धरलेला श्वास मी सोडला, आणि त्याचाही "व्हूम" झाला.