कुकरची जुनी रिंग

आज कुकरची जुनी रिंग काढली आणि रबराच्या वासाने मी बेडोकच्या फ्लॅटमध्ये पोचले. तेव्हा मी तिथे, सिंगापूरला, मुलाकडे राहत होते. नातीला शाळेसाठी बर्फावर चालणाऱ्या पहिल्यावहिल्या मोटारगाडीचं मॉडेल करायचं होतं. पुढे घसरायला लाकडी पट्ट्या आणि मागे चाकांऐवजी फिरता पट्टा. आम्ही कुकरची रिंग दोन रिळांवर ताणली, तिच्यावर आइस्क्रीमच्या काड्या चिकटवल्या आणि बर्फ म्हणून परातीत रवा पसरला.

मुलगा हसला. "आई, तू बर्फ तरी पाहिलायस का? मी मॉलमधून तयार गाडी आणतो."

नातीची मान खाली गेली. एरवी गप्प बसणारी मी म्हणाले, "पहिली गाडी करणाऱ्याने तरी ती आधी कुठे पाहिली होती? हीच जाईल."

शाळेत गाडी रव्यात रुतली. पोरं हसली. नात तिथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' जोडत म्हणाली, "आजी, पुन्हा सोडू लाह!" आम्ही सगळ्यांसमोर पुन्हा सोडली. ती पुन्हा रुतली.

तेव्हा माझे कान लाजेने तापले होते. आता वाटतं, 'हीच जाईल' हे मी आणखी मोठ्याने म्हणायला हवं होतं.

आज इथे धाकटी सून म्हणाली, जुनी रिंग टाकून द्या. मी ती धुऊन खुंटीला अडकवली आहे.