विहिरीला कान लावणारे भाऊजी

आमच्या भाऊजींइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल, आणि त्यांच्याइतका ऐकणाराही. दुसऱ्या महायुद्धात ते आरमारात होते. जहाजाच्या पोटात बसायचं, कानांना यंत्र लावायचं आणि समुद्राखालून शत्रूची पाणबुडी येते का ते ऐकायचं, ही नोकरी! लढाई संपली, पिंपळगाव राजात परतले, पण कान काही घरी आले नाहीत. लग्नाच्या पंगतीत वरणावर तूप पडेपर्यंत दम नाही. उठले की चालले पायविहिरीकडे. हाती लांब बांबू, त्याचं एक टोक पाण्यात, दुसरं कानाशी. मला म्हणत, "समुद्र मुका नाही बे. झिंगे फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडतात. अन् देवमासा असा हंबरते, का घरची गाय आठवावी!"

"घरात शंभर हाका मारा, ऐकू येत नाही," ताई कपाळाला हात लावी, "अन् विहिरीतलं कासव बरं ऐकू येते याह्यले!"

पाणी निर्मळ राहावं म्हणून गावानंच सोडलेलं ते कासव. भाऊजी रोज त्याची हजेरी घेत. एका वर्षी पटकीची साथ आली आणि सरकारी माणसानं विहिरीत लाल औषध ओतलं. दुसऱ्या दिवसापासून पाणी गप्प. ना बेडूक, ना मासोळी, ना कासव. भाऊजींनी जेवण टाकलं. चार दिवस नुसते पायऱ्यांवर वर-खाली, वर-खाली. शेवटी मी चिडलोच. "एका कासवापायी काऊन जीव जाळून राह्यले, भाऊजी?"

तेव्हा ते खाली बसले. "एकदा समुद्रात आवाज आला. म्या घाईत सांगून देलं, पाणबुडी आहे. साहेबानं बाम्ब टाकला. वर आला तो देवमासा. त्याचा जोडीदार लई वेळ हंबरत होता खाली. मंग तोही गेला, अन् सारंच गप्प झालं."

त्यांनी बांबू माझ्या हाती दिला. मी कान लावला. "काहीच नाही, भाऊजी."

"थांब जरा. तवा मी थांबलो नव्हतो."

थांबलो. पायाला मुंग्या आल्या, मान अवघडली. आणि मग खालून, दगडावर नख घासावं तसं, खर्र... खर्र. "आहे! जितं आहे!" मी ओरडलो आणि बांबू त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही.

"तू ऐकलं ना? झालं मंग," डोळे पुसत ते म्हणाले. "माह्या कानावर माहाच भरोसा नाही राह्यला."

त्या दिवशी जेवताना ते ताटावरून एकदाही उठले नाहीत. ताई वाढत राहिली.

भाऊजींना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. बांबू माझ्याकडे आहे. पिंपळगावला गेलो की पायऱ्या उतरतो, कान लावतो, आणि काहीच ऐकू आलं नाही तरी जरा थांबतो.