स्टुलावरून उतरलो नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ठाऊक नाही — पण आता छातीत मावत नाही.

मी वायरमन. जुन्या हुबळीत विचारा, माझ्या कामाला कुणी नाव ठेवणार नाही. अण्णाच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या घराचं वायरिंग मीच केलं. पुढच्या खोलीत वहिनी शिवणकाम करायची, इस्त्रीही तिथंच. लग्नाचे ब्लाऊज भिंतीलगत दोरीवर टांगलेले असायचे.

त्याच भिंतीत वायर वीतभर कमी पडली. काय करायचं ते मला कळत नव्हतं का? नवी वायर ओढायची. नाहीतर जोड डब्यात घ्यायचा, झाकण उघडून बघता येईल असा. पण मी स्टुलावर, पक्कड खाली फरशीवर — उतरायचा कंटाळा आला. बोटांनीच पीळ दिला, टेप गुंडाळली, जोड पाइपात ढकलला. एरवी प्रत्येक जोड ओढून बघतो मी. तो नाही बघितला.

दोन वर्षांनी, एका दुपारी, वहिनी बाजारात गेली आणि खोली पेटली. मशीन गेलं, लोकांचे कपडे गेले. अण्णा तारिहाळच्या कारखान्यातून धावत आला. चिडला की तो कन्नडवर जातो — "निनग बुद्धी ऐतेन?" अक्कल आहे का तुला, असं वहिनीला, सगळ्या गल्लीसमोर. वहिनी एकच म्हणत होती, "इस्त्री बंद केली होती हो मी."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. लायटीतलं मलाच कळतं ना? मी भिंत उकरली. पाइप वितळलेला, तांबं काळं पडलेलं. चोवीस तास चालणाऱ्या फ्रीजचा करंट त्याच जोडातून जायचा. इस्त्रीचा काही संबंध नव्हता. मी जोड कापला, खिशात घातला आणि म्हणालो, इस्त्री राहिली असणार.

वहिनी हळूच म्हणाली, "भावजी म्हणतात म्हणजे राहिलीच असेल."

तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं ना? लाज वाटते — नऊ वर्षं रोज वाटते.

ती पुन्हा मशीनवर बसली नाही. बाहेर पडताना तीनतीनदा मागे फिरते, बटणं चाचपते. तरी वाटेतून मला फोन येतो, जरा बघून येता का भावजी? मी जातो. सगळं बंद असतं. दर वेळी बंदच असतं.

तो जोड अजून माझ्या पेटीच्या तळाशी आहे. टाकवत नाही.

पूर्वी खंडेनवमीला तिचं मशीन आणि माझी पक्कड शेजारी शेजारी पुजायचो. आता पाटावर पक्कड एकटीच असते. यंदाही वहिनीनं तिला कुंकू लावलं, शेवंतीचं फूल वाहिलं. म्हणाली, "तुमच्या हातामुळं घर सुखरूप आहे, भावजी."

मी प्रसाद घेतला. खाल्ला.