धुरपताबाई ॲडमिन

परंड्याच्या कोर्टात मी वकिली करतो आणि एका साप्ताहिकात निकालांवर टिप्पणी लिहितो. मोबाइल, इंटरनेट आणि त्यांचे कायदे हा माझा विषय. वाचणारे किती ते विचारू नका. पण सोनारीच्या धुरपताबाई त्यांतल्या एक. नातीकडून वाचून घेतात आणि मग मला फोन करून भांडतात. सत्तरी उलटली, पण आवाज असा की शेजारच्या रानातला बैलसुद्धा थबकावा. मला त्या फार आवडतात.

मध्यंतरी त्यांच्यावर बालंट आलं. पुण्याला असलेल्या त्यांच्या नातवानं, रणधीरनं, गावाच्या ग्रुपवर कुणाच्या तरी सुजलेल्या हाताचा फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘बांगड्यांनी झालंय. सोनारीत पण जपून.’ हात कुणाचा, फोटो कुठला, देव जाणे. पण सोनारीत बांगड्यांचं दुकान एकच, माझ्या आईचं, हमिदाबीचं. गिऱ्हाईक पार आटलं. अम्मी दिवसभर नुसती काच पुसत बसायची.

माझं डोकं तापट. मी पोलिसांत जातो म्हणून ग्रुपवर ठणकावलं. ॲडमिन होते शांतलिंग गुरुजी. त्यांनी घाबरून ग्रुपच सोडला. ॲडमिन गेला की ॲप आपल्या मर्जीनं दुसरा नेमतं. माळ पडली धुरपताबाईंच्या गळ्यात. आता अटक तुम्हालाच, असं कुणीतरी त्यांच्या कानात घातलं.

मी गेलो तर बाई पिशवी भरून ओट्यावर तयार. त्यांचे यजमान महारुद्रआबा आत भाकरी बांधत होते.

“जलील, बेड्या आणल्यास का रं?”

मला हसू आलं आणि रागही आला. घाबरू दे जरा म्हातारीला, असं क्षणभर वाटलं. पण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या निकालावर मीच लिहिलं होतं: दोघांचं संगनमत नसेल, तर दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराबद्दल ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही. आपल्या आईचं दुकान बसलं म्हणून कायदा फिरवायचा का? सगळं समजावून सांगितलं.

“म्हंजी कोर्टानं मला सोडलं?”

“सोडलं, मावशी.”

“आन् हमिदाच्या दुकानाचं काय?”

माझ्याकडं कलमं होती, अर्ज होता. गिऱ्हाईक कुठून आणणार?

“रणधीरला ग्रुपातून काढा. ॲडमिनला तेवढा अधिकार आहे.”

“काढल्यावर त्यो ऐकंल कसा?”

पिशवी तिथंच टाकून बाई तडक दुकानात गेल्या. अम्मीपुढं दोन्ही हात धरले, “भर,” म्हणाल्या, आणि मला मोबाइल धरायला लावून ग्रुपवर बोलायला लागल्या.

“रणधीर, म्या धुरपता बोलतीया, ॲडमिन. तू पोटात हुतास तवा तुझ्या आईच्या हातात हमिदानंच हिरवा चुडा भरला. तवा न्हाय सुजला हात. आज म्या भरून घेतीया. गावानं उद्या येऊन माझा हात बघावा. आन् तू येऊन हमिदाच्या पाया पड.”

एवढ्या दिवसांत अम्मी रडली नव्हती. आता डोळ्यांतल्या पाण्यानं तिला दिसेना आणि एक बांगडी तडकून वाढली. तिनं चटकन बाईंचं मनगट पुसलं, कुठं लागलं का पाहिलं.

“वाढू दे गं,” धुरपताबाई म्हणाल्या. “दुसरी भर. कोपरापतूर लई जागा हाय.”