ताईंचं मत

ताई आवाज बनवायच्या. चिखलातून चालणारा माणूस, लाकडी जिन्यावरून घाईने उतरणारी बाई, गंजलेलं फाटक, काय हवं ते सांगा. ओला टॉवेल, जुने बूट असलं काहीबाही घेऊन त्या आतल्या खोलीत जायच्या आणि तो आवाज रेकॉर्ड करूनच बाहेर यायच्या. आधी बरीच वर्षं रेडिओच्या नाटकांसाठी त्यांनी हेच केलं. नाटकं बंद पडली, तेव्हा दोन तरुण त्यांना शोधत घरी आले. व्हिडिओ गेम काढायचाय म्हणाले. एकाला सगळे लंबू म्हणत. तो चित्रं काढायचा आणि गोष्ट रचायचा. दुसरा वकील. खरा वकील नव्हे. वाद घालायच्या हौसेपायी कॉलेजात चिकटलेलं नाव. सुरुवातीला पगाराच्या नावाने ठणठणाट होता, म्हणून त्यांनी ताईंना कंपनीत छोटा हिस्सा दिला.

ताईंचा धाकटा भाऊ त्यांच्याकडेच राहायचा. ऐन पस्तिशीत आजाराने त्याची नजर गेली होती. घरी एकटा कंटाळतो म्हणून ताई त्याला ऑफिसात आणायच्या. एकदा ताईंनी केलेला पुराच्या पाण्याचा आवाज हेडफोनवर ऐकताना तो सहज म्हणाला, "उजवीकडे भिंत आहे ना? पाणी तिकडे आपटतंय." लंबू ऐकतच राहिला. त्यातून त्यांचा गेम उभा राहिला: बुडालेल्या शहरातून होडी काढत घर गाठायचं, आणि तेही हवं तर डोळे मिटून, नुसत्या कानांनी. कॉम्प्युटरवरचा हा गेम बेताचाच चालला. पण कुठकुठली न दिसणारी माणसं तो खेळू लागली, त्यांचा एक ग्रुप झाला आणि भाऊ त्या ग्रुपचा पुढारी होऊन बसला.

मग एका अवाढव्य कंपनीची मागणी आली. फोन, नकाशे, सिनेमे, सगळं तीच विकायची. आता तिला ही डझनभर माणसांची कंपनी हवी होती. वकील विकायला एका पायावर तयार, लंबूचा ठाम नकार. दोघांचा हिस्सा सारखा. त्यामुळे ताईंच्या चिमूटभर हिश्श्याला एकाएकी वजन आलं आणि ताईंची अडकित्त्यातली सुपारी झाली.

वकील आपली बाजू मांडून गेला. पुढचा एक गेम आपटला की सगळे रस्त्यावर येतील. उलट मोठ्या कंपनीने घेतलं तर हा गेम घरोघरच्या फोनवर जाईल, असं त्याचं म्हणणं. लंबू फार बोलला नाही. ऐकून खेळायची सोय त्यांची मर्जी असेल तोवरच ठेवतील, एवढंच म्हणाला.

बोलणी करायला मोठ्या कंपनीच्या अधिकारी बाई आल्या. ताईंनी विचारलं, नुसतं ऐकून खेळायची सोय राहील का? बाई म्हणाल्या, तसा विचार आहे.

"लिहून द्याल?"

बाईंनी पुढ्यातली फाइल मिटली. "तो अधिकार मला नाही."

बाई खोटं बोलल्या नाहीत, हे ताईंना आवडलं. पण त्याने पेच काही सुटला नाही. घरी भाऊ धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. ताईंनी त्याला सगळं सांगून त्याचं मत विचारलं.

"मला विचारून ठरवू नकोस, ताई," तो म्हणाला. "उद्या बिघडलं तर तू मला चकार शब्द बोलणार नाहीस. ते मला झेपायचं नाही."

बऱ्याच वेळाने, चादर झटकताना, त्याने ग्रुपमधल्या एका बाईंची गोष्ट काढली. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. दुसरे कसे खेळतात एवढंच त्या रोज विचारायच्या. फोन मात्र होता.

ताईंनी विकायच्या बाजूने मत दिलं. लंबूने टेबलावरचा आपला दिवा उचलला आणि तो निघून गेला.

पहिली दोन वर्षं झकास गेली. गेम फोनवर आला, भावाचा ग्रुप इतका फुगला की त्याला नावं लक्षात राहीनात. मग नवी आवृत्ती निघाली आणि तिच्यातून ऐकून खेळायची सोय गायब झाली. वापरणारे थोडे, असं कारण दिलं गेलं. त्या अधिकारी बाई केव्हाच नोकरी सोडून गेल्या होत्या. वकील आता मोठ्या हुद्द्यावर होता. तो महिनोन् महिने वरच्यांशी भांडला, पण इथे त्याचं काही चाललं नाही. ताईंनी राजीनामा दिला. मत देताना पडला होता तसा पेच या वेळी पडलाच नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्या लंबूकडे गेल्या. तो मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढत होता. त्याने खुर्चीवरचे कागद बाजूला केले, चहा टाकला.

"तुझं खरं झालं रे," ताई म्हणाल्या.

"त्या दोन वर्षांत जेवढी माणसं खेळली, तेवढी माझ्याच्याने जन्मात खेळली नसती," लंबू म्हणाला. "पण पुन्हा विचारलंत तर मी नाहीच म्हणेन."

"आणि मी हो," ताई म्हणाल्या.

लंबू हसला. चहा पिता पिता तो भावाची चौकशी करू लागला. ग्रुपमधल्या काही जणांनी मिळून स्वतःचाच गेम करायला घेतलाय, असं ताईंनी सांगितलं. गोष्ट कोण लिहितंय, असं लंबूने विचारलं.

"अजून कुणी नाही," ताई म्हणाल्या आणि कप खाली ठेवला.