साडूंचं सावधान

आमच्या साडूंएवढा संशयी माणूस सातारा-सांगलीच काय, अख्ख्या महाराष्ट्रात सापडायचा नाही. कलिंगड विकणाऱ्यानं ते कापून लालभडक दाखवलं, तरी हे विचारणार, "आन् दुसऱ्या बाजूनं?" लग्नात जेवायला बसताना पाठीमागं भिंत आहे ना, हे आधी बघणार. माझ्या हातचा चहा तर वास घेतल्याशिवाय कधी प्यायले नाहीत. असा माणूस जत तालुक्यातल्या एका शाळेत पी.टी. शिकवतो आणि कोरोनाच्या टाळेबंदीत नेमका आमच्या उंब्रजच्या घरी अडकतो, याला माझं नशीब म्हणायचं, दुसरं काय!

शाळेनं पी.टी.चे तासही फोनवर घ्यायला लावले, तेव्हा साडूंच्या संशयाला पालवी फुटली. पोरांची फक्त तोंडं दिसायची. "धड कुठं हाय? पाय दावा!" हे आमच्या सोप्यात बसून ओरडायचे. एक गडी जागच्या जागी पळताना छान वरखाली होत होता. साडूंनी फोन कानाला लावला, कॉटची करकर ऐकली आणि त्याला तिथंच पकडला. त्या दिवशी दोन घास जास्त जेवले. नियम मात्र त्यांचा एकच होता: "मी विश्राम म्हणेपर्यंत अंगावर माशी बसली तरी हलायचं न्हाई."

त्या वर्गात मायाक्का नावाची मुलगी होती. खो-खोच्या संघात यायचं म्हणून तिनं साडूंचं डोकं खाल्लं होतं. एका सकाळी सावधान दिलं आणि ती अशी उभी राहिली की वेण्यासुद्धा हलेनात.

"पाव्हणं, पोरगी न्हाई ही," साडू माझ्या कानात कुजबुजले. "फोनम्होरं फोटू लावलाय. संघात घेत न्हाई बघा हिला."

बाकीच्यांना त्यांनी सोडलं, तिला मुद्दाम विश्राम दिला नाही आणि डोळ्यांत तेल घालून बघत बसले. मलाही आता शंका यायला लागली, वाण नाही पण गुण लागलाच.

तेवढ्यात तिच्या मागं धुरळा उडाला. पाण्याचा टँकर आला होता. बायका घागरी, कळशा घेऊन धावल्या. तिची आई ओरडली, "आगं मायाक्का, कळशी घी की! पानी सपतंय!"

पोरगी हलली नाही. डोळ्यांतून पाणी तेवढं गालावर आलं.

साडू ताडकन उठले. "विश्राम! आगं विश्राम! पळ पोरी!"

ती पळाली. बऱ्याच वेळानं भिजलेल्या फ्रॉकनं परत आली. "सर, एकच कळशी घावली," म्हणाली आणि पुन्हा सावधान उभी राहिली.

शाळा सुरू झाल्यावर मी एकदा जतला गेलो होतो. मैदानावर साडू एकेकाचे गुडघे वाकून तपासत होते. शेवटच्या रांगेत संघातली पोरं होती, मायाक्का सगळ्यांत पुढं. तिला सावधान दिलं आणि हा माणूस खुशाल तिच्याकडं पाठ करून माझ्याशी गप्पा मारत उभा राहिला. एकदाही मागं वळून बघितलं नाही.

खरं सांगतो, मला त्या पोरीचा हेवा वाटला. माझा चहा ते अजून वास घेऊनच पितात.